उचल, वही आणि मुक्ततेचा कागद : वेठबिगारीविरुद्ध सरकार नेमके काय करते?

दिवाळी उरकली की कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा हंगाम उभा राहतो. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात, शिरोळ, हातकणंगले आणि करवीरच्या शिवारांत कोप्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत रस्त्यावरची ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग हटत नाही. याच काळात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन प्रकारच्या बातम्या आलटून पालटून येतात. पहिल्या प्रकारात मुकादम, म्हणजे टोळी जमवून आणणारा मध्यस्थ, उचल (मजुरांसाठी कामाआधी दिलेले पैसे) घेऊन पसार झालेला असतो आणि वाहतूकदार पोलीस ठाण्यात गेलेला असतो. दुसऱ्या प्रकारात उचलीपोटी मजुरांना बायकामुलांसह डांबून ठेवलेले असते आणि तहसीलदारांनी त्यांची ‘सुटका’ केलेली असते. पहिली बातमी आपल्याकडच्या बहुतेकांना चटकन समजते, कारण घरटी नाही तरी गल्लीत एखादा ट्रॅक्टरवाला असतोच. दुसऱ्या बातमीत मात्र ‘वेठबिगार’, ‘मुक्तता प्रमाणपत्र’, ‘दक्षता समिती’, ‘पुनर्वसन’ असे शब्द येतात आणि वाचणारा पान उलटतो. वेठबिगार तर शाहू महाराजांनीच बंद केली होती, मग हे काय नवीन, असा प्रश्न मनात येऊन जातो. त्याच प्रश्नापासून सुरुवात करू.

साखळदंड नसलेली गुलामगिरी

गुलामगिरी म्हटले की डोळ्यांपुढे बाजारात विकायला उभी केलेली माणसे येतात. तशी गुलामगिरी, म्हणजे एका माणसावर दुसऱ्याची कायदेशीर मालकी, आपल्याकडे १८४३ सालच्या कायद्याने मोडीत निघाली. त्या कायद्याने न्यायालयांना सांगितले की कोणी ‘हा माझा गुलाम आहे’ असा दावा आणला तर तो मानू नका. पण ‘हा माझा देणेकरी आहे’ हा दावा शिल्लकच राहिला, आणि पुढची सव्वाशे वर्षे त्याच दाव्याच्या आडून माणसे बांधली गेली.

आजच्या काळात ‘आधुनिक गुलामगिरी’ हा शब्द एका छत्रीसारखा वापरतात. जबरदस्तीची मजुरी, कर्जापोटी बांधून घेतलेली मजुरी, माणसांचा व्यापार, जबरदस्तीचे लग्न हे सारे त्या छत्रीखाली येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इतर संस्थांबरोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगभरात कोणत्याही एका दिवशी सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसे अशा अवस्थेत असतात. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख जबरदस्तीच्या मजुरीत आणि २ कोटी २० लाख जबरदस्तीच्या विवाहात आहेत. या संघटनेची व्याख्या दोन गोष्टींवर उभी आहे: काम कोणत्या तरी शिक्षेच्या धाकाने करवून घेतले जाते आणि माणूस ते आपणहून करत नाही.

भारतीय कायद्यात ‘आधुनिक गुलामगिरी’ हा शब्द नाही. आपल्याकडे जुनाच शब्द आहे आणि तो अधिक नेमका आहे: वेठबिगार, म्हणजे घेतलेल्या पैशाच्या मोबदल्यात स्वतःचे श्रम आणि स्वतःची मोकळीक गहाण टाकणे.

उपमा फारशी बरी नाही, पण गंगावेशीत दूध घालायला येणाऱ्या कोणालाही ती कळेल. म्हैस रानात चरत असते. भोवती भिंत नाही, कुंपण नाही, राखणदारही झाडाखाली झोपलेला आहे. तरीही ती विशिष्ट गोलाच्या बाहेर जात नाही, कारण दावे खुंटीला आहे आणि दाव्याची लांबी दुसऱ्याने ठरवलेली आहे. वेठबिगारीत खुंटी म्हणजे कर्ज, आणि दावे म्हणजे त्या कर्जाचा हिशेब ज्याच्या हातात आहे त्याची वही. म्हणूनच ‘कोपीला तर दारही नाही, मग डांबून ठेवले कसे म्हणता?’ हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी दार शोधतो.

उचल घेतली म्हणजे माणूस वेठबिगार झाला का?

नाही, आणि हे स्पष्टपणे सांगायला हवे. उचल म्हणजे कामाआधी दिलेली रक्कम. ती देणे-घेणे हा गुन्हा नाही. हजारो जोडपी उचल घेऊन येतात, हंगामात ती फेडतात आणि उरलेले पैसे गाठीला बांधून पाडव्याच्या आसपास गावी परततात. त्या सगळ्यांना एका फटक्यात ‘गुलाम’ म्हणणे हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे आणि शेतकऱ्यावर अन्यायही आहे.

पण आकडेमोड करून पाहू म्हणजे उचल कोणत्या वळणावर खुंटी बनते ते दिसेल. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, एक लाख रुपये उचलले. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये धरू. २०२४ च्या सुरुवातीला झालेल्या वाढीनंतर तो जवळपास इतका झाला. पहाटेपासून राबून दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडले तर ७३२ रुपये झाले. एक लाख फिटायला १३७ दिवस हवेत. हंगाम साधारण दीडशे दिवसांचा, म्हणजे कागदावर सगळे जमते. प्रत्यक्षात पाऊस पडतो, गाडी वेळेवर येत नाही, कोणी आजारी पडते, कधी कारखानाच थांबतो. समजा काम शंभर दिवस झाले. फिटले ७३,२०० रुपये. दरम्यान किराण्यासाठी आठवड्याला हजार रुपये ‘खर्ची’ घेतली, ती वीस आठवड्यांची वीस हजार होऊन उचलीवर चढली. हंगाम संपताना बाकी निघते ४६,८०० रुपये. या हिशेबात खाड्याचा दंड धरलेला नाही, दवाखाना धरलेला नाही, आणि वही ज्याच्याकडे आहे त्याने मांडलेले वजन बरोबरच आहे असे गृहीत धरले आहे.

आता खरा प्रश्न असा की ही बाकी वसूल करण्यासाठी काय केले जाते. ‘पुढच्या वर्षी ये आणि फेड’ इतकेच म्हटले आणि माणूस दुसरीकडे कामाला जाऊन पैसे फेडू शकला, तर ते साधे कर्ज आहे. ‘फिटेपर्यंत इथून हलायचे नाही’, ‘दुसऱ्या मुकादमाकडे जायचे नाही’, ‘हंगाम संपला तरी आता वीटभट्टीवर राबायचे’, ‘तू गेलास तर पोरगा इथे ठेव’ यांपैकी काही आले की ती वेठबिगारी होते.

कायद्याची कसोटी याच धर्तीवर आहे. आगाऊ रकमेमुळे, वडिलांच्या कर्जामुळे किंवा एखाद्या रूढीमुळे माणसाला चारपैकी एक जरी गोष्ट गमवावी लागली तरी तो वेठबिगार ठरतो: रास्त मजुरी, दुसरे काम निवडण्याची मुभा, कुठेही जाण्या-येण्याची मुभा, किंवा आपले श्रम वा माल बाजारभावाने विकण्याचा हक्क. चारही गमवायला हव्यात असे नाही. मारहाण झालीच पाहिजे असेही नाही.

खुंटी उपटण्याचा अधिकार कुठून आला?

कोल्हापूरकरांना यातला पहिला टप्पा माहीत असतो, निदान भाषणांतून ऐकलेला असतो. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानात महार वतन रद्द केले आणि १९२० मध्ये वेठबिगार बंद करण्याचा हुकूम काढला. वतनाची रचना बारकाईने पाहिली तर ती उचलीची सख्खी थोरली बहीण वाटते. जमिनीचा एक तुकडा द्यायचा आणि त्याच्या बदल्यात अख्ख्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या, बोलावतील तेव्हा, सांगतील ते काम करायचे. तुकडा वाटण्या होऊन लहान होत जाई, काम मात्र तेवढेच राही. महाराजांनी वतनाच्या जमिनी रयतावा करून दिल्या, म्हणजे जमीन ठेवली आणि तिच्या गळ्यातली चाकरी काढून टाकली. आजच्या कायद्याची युक्तीही तीच आहे: माणूस ठेवायचा आणि त्याच्या गळ्यातले कर्ज काढून टाकायचे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार, बिगार आणि सर्व प्रकारची जबरदस्तीची मजुरी यांना मनाई केली. हा हक्क बहुतेक मूलभूत हक्कांपेक्षा एका बाबतीत वेगळा आहे. ते हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध चालतात. हा शेजारच्या शेतमालकाविरुद्ध, भट्टीवाल्याविरुद्ध आणि घरात मोलकरीण कोंडून ठेवणाऱ्या सुशिक्षित कुटुंबाविरुद्धही चालतो.

पण मनाई आणि अंमल यांत पंचवीस वर्षांचे अंतर पडले. २५ ऑक्टोबर १९७५ पासून देशातली वेठबिगार पद्धत रद्द झाली, आधी वटहुकमाने आणि नंतर १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने. या कायद्याचे काळीज एका वाक्यात आहे: वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी संपुष्टात आली आहे. हप्ते नाहीत, तडजोड नाही, अर्धी माफी नाही. असे कर्ज उरतच नाही. ते कोणी वसूल केले, तर वसूल करणाराच गुन्हेगार. कर्जापोटी बळकावलेली वस्तू किंवा जमीन परत करायची. राहत्या झोपडीतून माणसाला हुसकायचे नाही.

आणखी एक तरतूद वकिलांखेरीज फारशी कोणाला माहीत नसते. एरवी ज्याने आरोप केला त्याने तो सिद्ध करायचा असतो. इथे उलट आहे. ‘हे वेठबिगारीचे कर्ज आहे’ असे मजुराने किंवा दक्षता समितीने म्हटले की ‘ते तसे नाही’ हे दाखवण्याची जबाबदारी सावकारावर येते. कारण उघड आहे, वही त्याच्याकडे असते.

‘सरकार’ म्हणजे नक्की कोण?

‘सरकारने काहीतरी करावे’ असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दिल्ली किंवा मुंबई असते. वेठबिगारीच्या बाबतीत सरकार म्हणजे मुख्यतः कसबा बावड्याच्या रस्त्यावरचे जिल्हाधिकारी कार्यालय. २०१९ चा महापूर आठवून पाहा. एनडीआरएफच्या तुकड्या केंद्राच्या होत्या आणि मदतीचा निधी वरून आला, पण कोणत्या गावची माणसे कधी हलवायची याचा निर्णय जिल्ह्यातच घ्यावा लागला. इथेही पैसा आणि कायदा केंद्राचा, पोलीस आणि कामगार विभाग राज्याचा, आणि निर्णयाची लेखणी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या प्रांत-तहसीलदारांच्या हातात.

त्यांच्या जोडीला जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असते. जिल्हा समितीत जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अनुसूचित जाती-जमातींचे तीन रहिवासी, दोन समाजकार्यकर्ते, ग्रामविकासाशी संबंधित संस्थांचे प्रतिनिधी आणि पतपुरवठा करणाऱ्या संस्थांचा एक प्रतिनिधी असतो. बँकेचा माणूस कशाला, असे वाटेल. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की एका सावकाराकडून सुटलेल्या माणसाला पुढच्या आजारपणात पुन्हा पैसे लागणारच. ते बँकेने दिले नाहीत तर तो दुसऱ्या सावकाराच्या दारात जाईल. मुक्त झालेल्या मजुरावर कोणी जुन्या कर्जाचा दावा लावला तर त्याच्या बचावाची जबाबदारीही याच समितीची आहे.

पोलिसांकडे मानवी तस्करीविरोधी पथके असतात, कारण अनेकदा प्रकरण कर्जापुरते राहत नाही. शोषणासाठी माणसाला धाक, फसवणूक किंवा आमिष दाखवून आणणे, पोहोचवणे किंवा ठेवून घेणे हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार त्याला किमान सात आणि कमाल दहा वर्षे सक्तमजुरी आहे; एकाहून अधिक माणसे असतील तर किमान दहा वर्षे ते जन्मठेप. पीडित व्यक्ती दलित किंवा आदिवासी असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम स्वतंत्रपणे लागते. मूल चौदा वर्षांखालील असेल तर बालकामगार कायदा आहेच. एकाच कोपीवर चार कायदे लागू शकतात. कोणता लावायचा हे पहिला जबाब कोण आणि कसा नोंदवतो यावर बरेचसे अवलंबून असते.

जाता जाता एक गोष्ट, कारण याबाबत गोंधळ आहे. केंद्राने २९ कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या, त्यांत १९७६ चा हा कायदा विलीन झालेला नाही. तो स्वतंत्र आहे.

सुटकेच्या दिवशी काय घडायला हवे?

तक्रार मजुरानेच करावी लागते असे नाही. गावी राहिलेला भाऊ, शाळेतले गुरुजी, एखादी संघटना किंवा वाटसरूही कळवू शकतो. महाराष्ट्रात या कामाचा रस्ता बऱ्याच अंशी श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी पाडला. ठाणे-पालघरच्या कातकरी पाड्यांवर त्यांनी तक्रारी करकरून यंत्रणेला हा कायदा वापरायला लावला. २०२२ मध्ये नाशिक-अहिल्यानगर भागात कातकरी मुलांना किरकोळ रकमेपोटी मेंढ्या राखायला ठेवल्याचे उघडकीला आले, तेही अशाच पाठपुराव्यातून.

तक्रार आल्यावर महसूल, पोलीस आणि कामगार विभागाचे लोक जागेवर जातात. इथली पहिली कसोटी साधी आहे: मजुराला मालकापासून आणि मुकादमापासून दूर नेऊन विचारले का? मालक बाजेवर बसलेला असताना ‘काही त्रास आहे का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही साहेब’ असेच येते आणि कागदावर ‘मजूर स्वखुशीने काम करीत असल्याचे आढळले’ अशी ओळ उमटते. प्रश्नही बरोबर हवेत. ‘तुला बांधून ठेवले आहे का?’ हा निरुपयोगी प्रश्न. ‘पैसे किती घेतले, फिटले किती, हे कोणी सांगितले, मागच्या सणाला गावी का गेला नाहीस, मोबाइल कोणाकडे असतो?’ हे उपयोगी प्रश्न.

चौकशीत वेठबिगारी आढळली की अधिकाऱ्याने प्रत्येक व्यक्तीला मुक्तता प्रमाणपत्र द्यायचे असते. हा एक पानाचा कागद म्हणजे साऱ्या यंत्रणेची किल्ली आहे. तो असेल तर कर्ज रद्द झाल्याचा पुरावा आहे आणि पुनर्वसनाचा दावा आहे. तो नसेल तर पोलीस बंदोबस्तात एसटीत बसवून गावी पोहोचवलेला माणूस कायद्याच्या नजरेत केवळ काम सोडून आलेला कर्जदार असतो, आणि मुकादमाची जीप आठवड्याभरात त्याच्या दारात येऊ शकते. बातमीत ‘सुटका’ हा शब्द वाचला की मी हल्ली आधी प्रमाणपत्राचा उल्लेख शोधतो. पुष्कळदा तो नसतो.

सुटल्यावर पैसे मिळतात, ते किती आणि कधी?

केंद्राची पुनर्वसन योजना २०१६ मध्ये नव्याने आखली गेली आणि २०२२ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. तिच्यानुसार तातडीची मदत म्हणून ३० हजार रुपयांपर्यंत रक्कम जिल्हा प्रशासनाने लगेच द्यायची. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १० लाखांचा कायम निधी ठेवायचा, म्हणजे वरून पैसे येण्याची वाट पाहावी लागू नये. त्यानंतरची मुख्य मदत पुरुषासाठी १ लाख, स्त्रिया आणि बालकांसाठी २ लाख, आणि लैंगिक शोषण, तस्करी, अपंगत्व अशा अतितीव्र प्रकरणांत ३ लाख. शिवाय घर, जमीन, रोजगार, रेशन, मुलांचे शिक्षण यांसाठी राज्याच्या योजनांतून मदत.

ऐकायला हे चांगले आहे. गाठ पुढे आहे. मुख्य मदतीची अंतिम रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली आहे. जिल्हा प्रशासनाला सकृद्दर्शनी पुरावा दिसला तर प्रस्ताव अडवू नये अशी सवलत योजनेत आहे, पण शेवटचा पैसा हातात पडायला न्यायालयीन प्रक्रियेची वाट पाहावी लागते. आपल्याकडे दिवाणी दावा तर सोडाच, बांधावरच्या भांडणाची फौजदारीही किती वर्षे चालते हे सांगायला नको. बीडच्या एखाद्या तांड्यावर परतलेल्या कुटुंबाला पुढच्या ऑक्टोबरमध्ये पोट भरायचे असते, आणि त्या ऑक्टोबरमध्ये उचल देणारा मुकादम न्यायालयाच्या आधी दारात येतो. माझ्या मते या योजनेतला सर्वांत मोठा दोष हाच आहे: मदत पीडिताची, पण ती अवलंबून आरोपीच्या शिक्षेवर. आग लागलेल्या घराला मदत द्यायची, पण आग लावणारा सापडून त्याला शिक्षा झाल्यावर, असा हा प्रकार आहे.

‘पण तो स्वतःच्या मर्जीने आला होता’

हा सर्वांत नेहमीचा आक्षेप आहे आणि तो खोडसाळ नाही. अंगठा त्याचाच असतो, पैसे त्यानेच मोजून घेतलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात याचे उत्तर दिले. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या त्या निकालानुसार जबरदस्ती केवळ काठीची नसते. भूक आणि दारिद्र्य माणसाला पर्याय उरू देत नाहीत तेव्हा तीही जबरदस्तीच आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशात कोणी राबत असेल तर तो मर्जीने राबत नाही असे समजावे, कारण कोणताही शहाणा माणूस हक्काचे पैसे सोडून आपण होऊन कमी घेणार नाही. पुढच्याच वर्षी फरिदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या याचिकेवर, न्यायालय आणखी पुढे गेले: जबरदस्तीची मजुरी दिसली की तिच्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे, आणि नसल्यास ते मालकाने दाखवावे.

‘मग आमची बुडालेली उचल कोण देणार?’

हा आक्षेप मात्र खास आपल्या जिल्ह्याचा आहे. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला, टोळीसाठी दिलेले लाखो रुपये सोसायटीतून किंवा पाहुण्यांकडून उचललेले, आणि मुकादमाचा फोन बंद. अशा माणसाला वेठबिगारीचा कायदा सांगायला गेले तर तो चिडणारच, आणि त्याची चीड खरी असते.

कायदा त्याला वाऱ्यावर सोडत नाही. टोळी न आणताच मुकादमाने पैसे हडपले असतील तर ती फसवणूक आहे. तिच्यासाठी फौजदारी तक्रार आणि दिवाणी दावा हे दोन्ही रस्ते मोकळे आहेत. त्याला नाकारलेला आहे तो तिसरा रस्ता: आलेल्या टोळीतल्या चार कुटुंबांना शेडवर बसवून ठेवणे, त्यांचे बैल किंवा मोबाइल ठेवून घेणे, गावाकडून कोणाला तरी उचलून आणणे. हे केले की फिर्यादीच आरोपी होतो. इथे एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्यावी. पैसे मुकादमाच्या खात्यावर गेलेले असतात आणि डांबला जातो तो मजूर, ज्याच्या हातात त्यातले किती पडले हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. साखळीत मुकादम हा एकच दुवा असा आहे की ज्याच्याकडे दोन्ही बाजूंच्या वह्या असतात. कारखाने, वाहतूकदार आणि मजूर यांचे करार थेट आणि नावनिशीवार नोंदवले गेले तर फसणारे आणि डांबले जाणारे दोघेही वाचतील. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ काढले आहे, त्याने नोंदणीचे हे काम नेटाने करावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

पासपोर्ट काढून घेतला की खुंटी परदेशात जाते

ही गोष्ट केवळ शेतापुरती राहिलेली नाही. ‘डेटा एन्ट्रीची नोकरी, महिना लाख रुपये’ अशा जाहिरातींना भुलून थायलंडला गेलेली मुले सीमेपलीकडे म्यानमारमधल्या कुंपणबंद वसाहतींत नेली जातात आणि तिथे त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचे काम करवून घेतले जाते. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. तिथेही पद्धत ओळखीची आहे: प्रवासाचा खर्च नावावर मांडायचा, पासपोर्ट ठेवून घ्यायचा, आणि जायचे असेल तर ‘फेड आणि जा’ म्हणायचे.

इथे राष्ट्रीय सरकारचा हात जिल्ह्यापेक्षा लांब पोहोचतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडे केंद्राची नोंदणी लागते, ती ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते, आणि त्याने घ्यायच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक करांची मर्यादा आहे. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे; तो अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही.

एवढे सगळे असून संपत का नाही?

केंद्र सरकारने २०१६ मध्ये २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांना शोधून मुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. १९७८ पासून आजवर सरकारी नोंदीनुसार मुक्त झालेल्यांचा आकडा आहे सुमारे तीन लाख. या दोन आकड्यांमधली दरी नुसत्या गरिबीने भरत नाही.

तिचे एक कारण शिक्षेत आहे. १९७६ च्या कायद्यात कमाल तीन वर्षे कैद आणि दोन हजार रुपये दंड आहे, आणि गुन्हा जामीनपात्र आहे. तेव्हाचे दोन हजार रुपये ही जरब बसवणारी रक्कम होती; आज तेवढ्यात ट्रॅक्टरची टाकीही भरत नाही. तस्करीविरुद्ध स्वतंत्र सर्वंकष विधेयक २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केले, पण राज्यसभेत जाण्याआधीच लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले.

दुसरे कारण लेखणीत आहे, आणि मला ते मोठे वाटते. ‘माझ्या तालुक्यात वेठबिगार आहे’ असे लिहून देणे अधिकाऱ्याला स्वतःच्या कारभाराची कबुली दिल्यासारखे वाटते. प्रमाणपत्र दिले की मागोमाग गुन्हा, खटला, साक्षी, वरून विचारणा आणि गावातल्या वजनदार माणसांचे फोन. त्यापेक्षा ‘मजुरीचा वाद होता, समेट घडवून मजुरांना गावी पाठवले’ असे लिहिणे सोपे असते. यात लाच असतेच असे नाही. बऱ्याचदा नुसता कंटाळा आणि संकोच असतो. संवेदनशील जिल्ह्यांत दर तीन वर्षांनी सर्वेक्षण करायला योजनेत साडेचार लाखांची तरतूद आहे, पण शोधल्यावर सापडेल या भीतीने शोधच टाळला, तर शून्य हा आकडा कागदावर फार शोभून दिसतो.

काही देशांनी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. ब्रिटनने २०१५ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीत गुलामगिरी नाही ना, याविषयी दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करायला लावले. आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना जबरदस्तीच्या मजुरीबाबत माहिती द्यावी लागते. इचलकरंजीचे कापड आणि पंचगंगेच्या काठची साखर मोठ्या कंपन्यांच्या पाकिटांत जाते, तेव्हा कधी तरी हा प्रश्न खरेदीदाराकडूनही विचारला जाईल.

कोणाला कळवायचे, आणि काय लिहायचे?

मूल असेल तर १०९८, तातडीचे असेल तर ११२, वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० क्रमांक. लेखी अर्ज तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे द्यावा आणि आवकच्या शिक्क्याची प्रत घ्यावी. अर्जात ठिकाण, गट क्रमांक किंवा भट्टीची खूण, माणसे किती, त्यांत बायका आणि मुले किती, उचल किती सांगतात आणि जाऊ का देत नाहीत, एवढे पुरे. पुरावा गोळा करणे हे अर्जदाराचे काम नाही.

बायका किती हे वेगळे लिहायला सांगितले त्याला कारण आहे. मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ असे लिहिलेले असते आणि समोर नाव असते नवऱ्याचे. मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईने उचल घेतलेली नसते, अंगठा दिलेला नसतो, मजुरी तिच्या हातात पडत नाही. पण दावे तिच्याही गळ्यात तेवढेच आखूड असते. सुटकेच्या वेळी चौकशी करणाऱ्याने वहीवरूनच यादी उतरवली तर प्रमाणपत्र नवऱ्याच्या एकट्याच्या नावाचे निघते, आणि योजनेत जिच्यासाठी दोन लाख ठेवले आहेत ती बाई सरकारच्या कागदावर त्या कोपीत कधी नव्हतीच, असे होते.